तीन आणे की पंधरा आणे? १९६३ च्या वादाची पार्श्वभूमी

सरकारची निम्मी मुदत सरली की कामगिरीची पुस्तिका निघते. रस्ते इतके, शाळा इतक्या, दरडोई उत्पन्न इतके वाढले. विरोधक म्हणतात, हे वाढलेले उत्पन्न गेले कुठे? या भांडणाची आपल्याकडची सर्वांत गाजलेली फेरी ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत झाली. आजही कोणतेही सरकार दरडोई उत्पन्नाचा आकडा पुढे करते तेव्हा त्यावरचे बहुतेक आक्षेप त्याच फेरीतले असतात.

१९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने ४९४ पैकी ३६१ जागा जिंकल्या होत्या. कागदावर सरकार भक्कम होते. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनने सीमेवर जे केले, त्याने सगळा नूर पालटला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले आणि ते खाते सांभाळायला मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना दिल्लीत बोलावले गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. त्याचे बिल कोणी भरले, हे सहसा सांगत नाही. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या १९६३ च्या अर्थसंकल्पात संरक्षणावरची तरतूद वर्षभरापूर्वीच्या तुलनेत दुपटीहून अधिक झाली. पैसा उभा करायला नवे कर आले, सक्तीची ठेव योजना आली, म्हणजे मिळकतीचा काही भाग सरकारकडे ठेवायचाच. त्याआधी जानेवारीतच सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले होते. चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली, आणि गावोगावच्या सोनारांचे हातचे काम गेले. नोकरदार आणि कारागीर असे दोन वर्ग एकाच वर्षात दुखावण्याची किमया मोरारजींनी साधली.

मे १९६३ मध्ये त्याचा हिशेब झाला. पोटनिवडणुकांत राजकोटहून मिनू मसानी, अमरोह्याहून आचार्य कृपलानी आणि फरुखाबादहून राममनोहर लोहिया निवडून आले. अमरोह्यात तर केंद्रीय मंत्री हाफिज मोहम्मद इब्राहिम हरले. पुढच्याच महिन्यात सिराजुद्दीन या खाणकंपनीकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात केशवदेव मालवीय यांना मंत्रिपद सोडावे लागले. ऑगस्टमध्ये अधिवेशन सुरू झाले तेव्हा विरोधकांची संख्या फारशी वाढली नव्हती, पण आवाज वाढला होता. कृपलानींनी अविश्वासाचा ठराव आणला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेतला तो पहिला अविश्वास ठराव. १९ ते २२ ऑगस्ट असे चार दिवस चर्चा चालली.

ठराव फेटाळला जाणार हे कृपलानींसह सर्वांना ठाऊक होते. बाजूने ६२ आणि विरुद्ध ३४७ मते पडली. सरकार पाडण्याची आशाच नसल्यामुळे ही चर्चा थोडी अवास्तव आहे, असे नेहरूंनी उत्तरात सांगितले. आणि लगेच हेही सांगितले की अशी परीक्षा सरकारची अधूनमधून व्हायला हवी, आपण तिचे स्वागतच करतो. हा निव्वळ शिष्टाचार होता असे मला वाटत नाही. नेहरूंना संसदेत बसून ऐकण्याची सवय होती. पुढे ती पदासोबत वारशाने आली नाही.

चर्चेत चीन होता, भ्रष्टाचार होता, परराष्ट्र धोरण होते. लोकांच्या लक्षात राहिले ते मात्र लोहियांचे एक वाक्य. देशातले २७ कोटी लोक रोज तीन आण्यांवर (सोळा आण्यांचा एक रुपया) जगतात, आणि पंतप्रधानांवर रोज २५ हजार रुपये खर्च होतात.

लोहिया या आकड्यांवर आधीपासून काम करत होते. १९६२ मध्ये फूलपूरला त्यांनी नेहरूंविरुद्धच निवडणूक लढवली होती आणि हरले होते. २५ हजारांचा आरोप त्या काळापासूनचा. सभागृहात पाऊल ठेवून त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. तरी चार दिवसांच्या चर्चेचा रोख त्यांनी बदलला. दशमान नाणी येऊन सहा वर्षे झाली होती, टांकसाळीतून नवे पैसे निघत होते, पण बाजारात आणि लोकांच्या हिशेबात आणा जिवंत होता. तीन आणे म्हणजे किती, हे सांगावे लागत नव्हते. एकोणीस नवे पैसे म्हटले असते तर कदाचित कोणी वळूनही पाहिले नसते.

नेहरूंनी आकडा साफ फेटाळला. सरासरी दैनिक उत्पन्न पंधरा आणे आहे, असे त्यांचे म्हणणे. हा आकडा हवेतून आला नव्हता. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या दस्तऐवजानुसार १९६०-६१ च्या किमतींत दरडोई वार्षिक उत्पन्न दहा वर्षांत २८४ रुपयांवरून ३३० रुपयांवर गेले होते. ३३० ला ३६५ ने भागा, साडेचौदा आण्यांच्या आसपास येते. नंतरची भाववाढ धरली की पंधराच्या घरात. बेरीज-भागाकारात चूक नव्हती. पण लोहिया सरासरीबद्दल बोलतच नव्हते. १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या ४३.९ कोटी होती. त्यातले २७ कोटी म्हणजे तळचे साठ टक्के. एकाने तळघराची उंची विचारली, दुसऱ्याने सगळ्या मजल्यांची सरासरी सांगितली.

मग नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा पुढे आले आणि त्यांनी तळच्या साठ टक्क्यांचा आकडा दिला : साडेसात आणे. सरकारी बाजूला वाटले, तीन आण्यांचा फुगा फुटला. आकडा अडीचपट निघाला की! ६ सप्टेंबरला या एकाच प्रश्नावर लोकसभेत पुन्हा चर्चा झाली. वृत्तपत्रांना महिनाभर पुरेल इतका मजकूर मिळाला, आणि ‘तीन आणे विरुद्ध पंधरा आणे’ हे नाव त्या भांडणाला कायमचे चिकटले.

मधला साडेसात आण्यांचा आकडा त्या नावातून गळला. माझ्या मते सगळ्या वादातला सर्वांत बोलका आकडा तोच. कारण त्याच्या शेजारी ठेवायला सरकारच्याच दप्तरात आणखी एक आकडा होता.

जुलै १९६२ मध्ये नियोजनाशी संबंधित अर्थतज्ज्ञ आणि सार्वजनिक कार्यकर्त्यांच्या एका गटाने किमान जीवनमान ठरवले होते. या गटात धनंजयराव गाडगीळ होते, अण्णासाहेब सहस्रबुद्धे होते, व्ही. के. आर. व्ही. राव, अशोक मेहता, पीतांबर पंत होते. विरोधी स्वतंत्र पक्षाचे मसानीही होते. त्यांनी ठरवलेली रेषा : १९६०-६१ च्या किमतींत दरमहा माणशी २० रुपये, तेही आरोग्य आणि शिक्षणाचा खर्च सोडून, कारण तो सरकारने करायचा होता. महिन्याचे २० रुपये म्हणजे रोजचे साडेदहा आण्यांहून थोडे जास्त. मंत्र्यांनी विरोधकांना खोटे पाडायला सांगितलेली तळच्या साठ टक्क्यांची सरासरी साडेसात आणे, आणि सरकारच्याच गटाने जगायला लागणारी किमान रक्कम म्हणून ठरवलेले साडेदहा आणे. उत्पन्न आणि खर्च यांतला फरक, वर्षावर्षांच्या किमतींतला फरक, हे सगळे जमेस धरले तरी ही दरी बुजत नाही. लोहियांचा आकडा खोडताना सरकारने स्वतःवरचा आरोप सही करून दिला.

तीन आणे मात्र टिकले नाहीत. घरखर्चाची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांत तितक्यावर जगणारे लोक सापडतात, पण ते २७ कोटी नव्हते, अगदी तळाचे थोडे टक्के होते. लोहियांचे चाहते हे मान्य करत नाहीत, आणि नेहरूंचे चाहते साडेसात आण्यांचे नाव काढत नाहीत.

सरकारच्या बाजूला सांगण्यासारखे काही नव्हते, असे नाही. दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न ४२ टक्क्यांनी वाढले होते. लोकसंख्येने त्यातले बरेच खाल्ले, म्हणून दरडोई वाढ १६ टक्केच उरली. सरासरी आयुर्मान ३२ वर्षांवरून चाळिशीपलीकडे गेले होते. हिवतापाविरुद्धची मोहीम तेव्हा यशाच्या टोकावर होती. ज्या रोगाने वर्षाला सात-साडेसात कोटी लोक आजारी पडत, तो नकाशावरून पुसत चालला होता. शाळेत जाणारी मुले दहा वर्षांत जवळपास दुप्पट झाली होती. पोलाद कारखाने, धरणे यांची नावे तर शाळकरी पोरांनाही पाठ होती. ही कमाई खोटी नव्हती. पण ती तळापर्यंत किती पोचली, हे मोजायची सोय सरकारने नुकतीच कुठे केली होती. वाढलेले उत्पन्न कोणाकडे गेले हा प्रश्न खुद्द नेहरूंनाच १९६० मध्ये पडला होता, आणि त्यासाठी ऑक्टोबर १९६० मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तीन वर्षे झाली तरी अहवाल नव्हता. तो हाती असता तर ऑगस्टमधल्या उत्तराचा सूर वेगळा लागला असता.

त्यातच तिसरी योजना मध्यावर येत होती. १९६१ ते ६६ ची ही योजना सार्वजनिक क्षेत्रासाठी ७,५०० कोटींची होती. वर्षाला पाच टक्क्यांहून जास्त वाढ आणि शेवटी १० कोटी टन धान्य, अशी लक्ष्ये होती. नोव्हेंबर १९६३ मध्ये मध्यावधी आढावा आला. पहिल्या दोन वर्षांत वाढीचा वेग लक्ष्याच्या निम्म्यावर रेंगाळला होता, आणि धान्य आठ कोटी टनांच्या आसपास अडकले होते. धान्याची तूट अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत कायद्याखाली येणाऱ्या गव्हाने भरून निघत होती. मे १९६० मध्ये अन्नमंत्री स. का. पाटील यांनी तो करार केला होता. आपले मोडलेले वचन इतक्या उघडपणे छापून संसदेसमोर ठेवणे ही त्या नियोजन आयोगाची सचोटी म्हणायला हवी. आजच्या पुस्तिकांत अशी पाने शोधून सापडत नाहीत.

पुन्हा ऑगस्टकडे येऊ. अविश्वास ठराव फेटाळला जाऊन दोनच दिवस झाले होते. २४ ऑगस्टला कामराज योजनेखाली, म्हणजे ज्येष्ठ नेत्यांनी पदे सोडून पक्षकार्याला लागायचे या योजनेखाली, राजीनामे स्वीकारले गेले. मोरारजी गेले, लालबहादूर शास्त्री गेले, जगजीवनराम गेले, मुंबईचे स. का. पाटील गेले. सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री. सभागृहात २८५ मतांनी जिंकलेल्या सरकारने स्वतःचाच निम्मा चेहरा बदलावा, यावरून त्या विजयावर त्याचा किती भरवसा होता ते समजा. टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले आणि सोन्याच्या नियमांत ढील देऊ लागले. नंदांकडे गृहखाते आले.

पुढचा क्रम झपाट्याने आला. महालनोबिस समितीच्या अहवालाचा पहिला भाग फेब्रुवारी १९६४ मध्ये आला. नियोजनाच्या काळात मोठ्या उद्योगघराण्यांची ताकद वाढली, असा त्यात निष्कर्ष होता. त्यावरून मक्तेदारी चौकशी आयोग नेमला गेला, आणि १९६९ मध्ये मक्तेदारीविरोधी कायदा आला. मे १९६४ मध्ये नेहरू गेले. युद्ध, दुष्काळ, १९६६ चे रुपयाचे अवमूल्यन, मग योजनांना तीन वर्षांची सुट्टी. १९६७ मध्ये काँग्रेस ५२० पैकी २८३ जागांवर आली. त्याच वर्षी लोहियाही वारले.

आण्यांच्या वादाला खरे उत्तर मिळाले ते पुण्यात. गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी नमुना पाहणीचे १९६०-६१ चे आकडे घेऊन दारिद्र्याचा अभ्यास केला. तो जानेवारी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. जगायला २,२५० कॅलरी लागतात असे धरून त्यांनी खेड्यासाठी दरमहा माणशी १५ रुपये आणि शहरासाठी साडेबावीस रुपये अशी रेषा आखली. त्यातली खेड्याची रेषा १९६२ च्या गटापेक्षा खालची होती. तरीही खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक आपापल्या रेषेखाली निघाले. महिन्याचे १५ रुपये म्हणजे रोजचे आठ आणे. नंदांच्या साडेसात आण्यांना अगदी खेटून. या अभ्यासावर टीका पुष्कळ झाली, विशेषतः शहरी रेषेवर. पण सरासरी पुढे करून सुटण्याची वाट त्याने बंद केली. दोनच महिन्यांनी इंदिरा गांधींनी ‘गरिबी हटाओ’वर निवडणूक जिंकली. इकडे महाराष्ट्रात वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना तासगाव तालुक्यातल्या प्रयोगातून १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोचली.

दारिद्र्यरेषा त्यानंतर सरकारी मोजमाप झाली. १९७९ चा कार्यगट, १९९३ ची लकडावाला समिती, २००९ ची सुरेश तेंडुलकर समिती. आणि सप्टेंबर २०११ मध्ये, मनमोहन सिंग सरकारची दुसरी कारकीर्द मध्यावर आली असताना, नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. त्यानुसार रेषा होती शहरात रोज ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये. ‘या पैशांत जगून दाखवा’ असे आव्हान देशभरातून आले. गरिबी कमी झाल्याचे सांगणाऱ्या सरकारला रंगराजन समिती नेमून रेषाच पुन्हा आखायला घ्यावी लागली. तिचा अहवाल २०१४ मध्ये आला तोवर सरकार बदलले होते. १ जानेवारी २०१५ ला नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला. उपभोग खर्चाची २०१७-१८ ची पाहणी झाली, पण आकड्यांच्या दर्जाचे कारण देऊन नोव्हेंबर २०१९ मध्ये ती प्रसिद्ध न करण्याचे जाहीर झाले. २०११-१२ नंतरची पुढची पाहणी लोकांसमोर आली ती थेट २०२४ मध्ये. मधल्या काळात दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यांतल्या २०१९ च्या निवडणुकीत तीन आणे की साडेसात आणे, हे भांडायला दोन्ही बाजूंकडे ताजा आकडाच नव्हता.