समुद्र नसलेल्या देशातला फ्रोजन बटाटा

विश्रामबागच्या एका छोट्या कॅफेत फ्राइजची अडीच किलोची पिशवी फोडली, तर सुट्या कांड्या पडण्याऐवजी एकसंध ढेकूळ बाहेर आलं, वर बर्फाचा चुरा. तळणारा मुलगा नेपाळचा, चितवनकडचा. ढेकूळ ओट्यावर दोनदा आपटून म्हणाला, "रस्त्यात कुठंतरी लाइट गेली असणार." त्याचं बरोबर होतं. माल एकदा वितळून परत गोठला की कांड्या एकमेकींना चिकटतात. पिशवीवरची तारीख काहीही सांगो, ढेकूळ खरं बोलतं. सांगलीत ही गत, तर ज्या देशाला बंदरच नाही तिथं हा धंदा उभा तरी कसा राहिला?

साठवण आपल्याला नवी नाही. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, जमिनीच्या पोटात, विजेचं एक युनिट न जाळता. २००५च्या महापुराने बहुतेक पेवं निकामी केली. आता तासगाव-मिरज पट्ट्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आहेत, पण तिथलं तापमान शून्याच्या वर. लाइट गेली तर बेदाणा काही तास कळ काढतो. फ्राइजना उणे १८ अंश लागतात, तेही कारखान्यापासून कढईपर्यंत, मध्ये खंड न पडता.

बटाटा गोठवायला मात्र वीज मुळात लागत नव्हती. अँडीज पर्वतातले लोक शेकडो वर्षांपासून 'चुन्यो' करत आले. कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर पसरायचे, दिवसा उन्हात सैल पडले की पायांनी तुडवून पाणी काढायचं, असं काही दिवस केलं की खडखडीत वाळलेला बटाटा कित्येक वर्षं टिकतो. एका अर्थी तिथलं पेवच. हे जिथं चालतं त्यातला मोठा मुलूख आज बोलिव्हियात आहे, आणि बोलिव्हियाला समुद्र नाही. १८७९ साली चिलीशी युद्ध झालं, त्यात किनारा गेला. १९०४च्या तहाने चिलीच्या बंदरांतून माल ने-आण करण्याची मुभा मिळाली आणि १९१३ साली आरिका ते ला पाझ रेल्वे सुरू झाली. म्हणजे गोठवलेल्या बटाट्याचं माहेर आणि परक्याच्या दारातून जाण्याची सक्ती, दोन्ही एकाच देशाच्या वाट्याला आलं.

आजचा फ्रोजन फ्राय मात्र अमेरिकेतला. क्लॅरेन्स बर्ड्सआयने आजच्या कॅनडातल्या लॅब्राडॉर भागात पाहिलं होतं की कडक थंडीत झटक्यात गोठलेला मासा नंतरही ताजा लागतो. त्यावरून त्याने १९२०च्या दशकात जलद गोठवण्याची यंत्रं बसवली. आयडाहोच्या जे. आर. सिम्प्लॉटकडच्या रे डनलप या रसायनतज्ज्ञाने १९४०च्या दशकात फ्राइज आधी अर्धवट तळून मग गोठवण्याची रीत बसवली. १९६०च्या दशकात मॅकडोनाल्ड्सने ताजा बटाटा सोडून हाच माल घ्यायला सुरुवात केली आणि धंद्याला पाय फुटले. १९५६ पासून कंटेनरची वाहतूक वाढत गेली, पुढे कंटेनरलाच कूलिंग बसलं. आपली द्राक्षं न्हावा-शेवाहून युरोपला जातात ती याच रीफरमधून.

समुद्र नसलेल्या देशाची खरी अडचण अंतर नसून ताटकळणं आहे. उभ्या रीफरला प्लग हवा, नाहीतर जनरेटरला डिझेल. कागद अडला, नाका बंद पडला की मीटर चालूच. सिमेंट महिनाभर उभं राहिलं तर भाडं वाढतं. फ्राइजचा डिझेल संपल्यावर चिखल होतो.

नेपाळने याची किंमत पुरेपूर मोजली आहे. १९५०च्या करारात भारतातून माल नेण्याचा हक्क मान्य झाला. व्यापार आणि पारगमन यांचे वेगळे करार मात्र १९७८ साली, जनता सरकारच्या काळात झाले. नेपाळला हे हवंच होतं, कारण व्यापारावरून खटका उडाला तरी समुद्राची वाट बंद पडू नये. २३ मार्च १९८९ला दोन्ही करार संपले, नवे झाले नाहीत, आणि रक्सौल व जोगबनी हे दोनच नाके उघडे राहिले. वर्षभराहून जास्त काळ हे चाललं. १९८२चा समुद्र कायद्याचा जागतिक करार भूवेष्टित देशांना समुद्रापर्यंत जायचा हक्क देतो, पण अटी शेजाऱ्याशी बोलून ठरवा असंही त्याच कलमात म्हणतो. हक्क कागदावर, किल्ली शेजाऱ्याकडे.

२००४ मध्ये नेपाळच्या सीमेवरच्या बीरगंजजवळ सिर्सिया इथं ड्रायपोर्ट सुरू झालं. ड्रायपोर्ट म्हणजे समुद्रापासून दूर, जमिनीवरच कंटेनर उतरवायची आणि कस्टम्सचे सोपस्कार करायची जागा; सांगली जिल्ह्यातल्या रांजणीच्या प्रस्तावामुळे हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचलेला आहे. कोलकाता बंदरातून सुमारे ७०० किलोमीटर रेल्वेने कंटेनर तिथं येऊ लागले. पुढे काठमांडूपर्यंतचा रस्ता मात्र डोंगरातून. पावसाळ्यात दरड कोसळली की वाहनांची रांग. आपला कुंभार्ली घाट बंद पडल्यावर कराडला काय होतं ते आठवा, आणि राजधानीला जायचा मुख्य रस्ता तोच आहे असं समजा.

मागणीला नेट लागला तो २००९ मध्ये, काठमांडूच्या दरबार मार्गावर केएफसी आणि पिझ्झा हट उघडल्यावर. अशा साखळी दुकानांना प्रत्येक कांडी सारखी लागते. पण माल गावात पोचला तरी ठेवायचा कुठं? त्या वर्षांत नेपाळात हिवाळ्यात दिवसाला सोळा-सोळा तास भारनियमन होतं. भारनियमन आपणही सोसलंय, पण आपल्याकडे तेव्हा मोटार बंद पडायची. तिथं वितरकाचा फ्रीझर बंद पडायचा. माझ्या मते नेपाळातल्या फ्रोजन धंद्याचं सगळ्यात मोठं वळण बंदराशी नाही, विजेशी जोडलेलं आहे. २०१६ मध्ये कुलमान घिसिंग वीज प्राधिकरणावर आले आणि त्याच दिवाळीपासून काठमांडूत भारनियमन थांबलं. त्याच्या आदल्या वर्षी सीमेवरची कोंडी झाली होती: सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६, रक्सौलला ट्रकांच्या रांगा आणि काठमांडूत गॅस-डिझेलची टंचाई. डिझेल नाही म्हणजे जनरेटर नाही, हे वेगळं सांगायला नको.

दरम्यान भारतातच चक्र फिरलं. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स इथं आलं तेव्हा फ्राइज बाहेरून आणावे लागत. आपला नेहमीचा बटाटा पाणीदार, तळला की मान टाकतो. फ्राइजला लांबट, घट्ट आणि कमी साखरेचा बटाटा लागतो. त्यातही मेख अशी की बेदाण्यासारखा चार अंशांत ठेवला तर त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि कांडी तळताना काळपट पडते. म्हणून तो दहा अंशांच्या आसपास ठेवतात. आपल्या कोल्ड स्टोरेजवाल्यांना हे पटकन पटत नाही. उत्तर गुजरातेत मेहसाणा-बनासकांठ्याच्या शेतकऱ्यांनी असा बटाटा कंपन्यांशी करार करून लावला, पाठोपाठ कारखाने आले, आणि आयात करणारा देश निर्यातदार झाला. २०२३-२४ मध्ये भारताने १ लाख ३५ हजार टनांहून जास्त फ्राइज परदेशी पाठवले.

नेपाळच्या दृष्टीने याचा अर्थ असा की या एका मालापुरता समुद्र वाटेतून वजा झाला. गुजरातेतून निघालेला रीफर ट्रक बंदराचं तोंड न पाहता सुनौली किंवा रक्सौलला पोचू शकतो. नाका मात्र तोच, आणि किल्लीही त्याच हातात.

कॅफेतल्या मुलाला विचारलं, तुमच्या गावाकडे फ्राइज कुठले येतात? त्याने ढेकळाची रिकामी पिशवी उलटी करून मागचा पत्ता दाखवला. गुजरात.

"हेच," म्हणाला, "पण तिकडं सुटे निघतात."