विरुद्ध आहार

वेगवेगळे खाल्ले तर काही होत नाही पण एकत्र खाल्ले की बाधतात, अशा पदार्थांच्या जोड्यांना आयुर्वेदात विरुद्ध आहार म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २६ व्या अध्यायात याचे १८ प्रकार दिलेत, त्यात नुसत्या जोड्या नाहीत तर ऋतू, प्रमाण, शिजवायची पद्धत, खाणाऱ्याची सवय हे सगळं धरलंय. दूध-मासे, दूध आणि आंबट फळं, मध-तूप समप्रमाणात ही नेहमीची उदाहरणं. तिथेच पुढे असंही म्हटलंय की सवय असेल, प्रमाण थोडं असेल, अग्नी म्हणजे पचनशक्ती चांगली असेल, माणूस तरुण आणि व्यायाम करणारा असेल तर हे बाधत नाही, पण विरुद्ध आहाराचे मेसेज फॉरवर्ड करणारे ही ओळ सोयीस्कर गाळतात.

मासे खाऊन दूध प्यायलं की कोड उठतं ही आपल्याकडची सगळ्यात पक्की समजूत, आणि तिला काही आधार नाही. कोड हा मुख्यतः शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेतल्या रंगपेशींवर उलटल्याने होतो, ताटातल्या जोडीने नाही.

मग पोट डब्ब का होतं? कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, त्या तोडायचं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नाही, त्यामुळे त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारून गॅस करतात. दुधातली लॅक्टोज अनेक मोठ्या माणसांना नीट पचत नाही, दह्याताकात ती थोडी कमी झालेली असते म्हणून ते चालतं. तेलातुपाने जठर उशिरा रिकामं होतं. आता आमरस-पुरीचं जेवण बघा, आंब्यातली फ्रुक्टोज काहींना पूर्ण शोषता येत नाही, पुरी तेलकट, वर बटाट्याची भाजी, भजी आणि आग्रहाच्या दोन वाट्या, मग तडस लागते आणि नाव मात्र आंब्याचं. उपासाचंही तेच, एकादशी अन् दुप्पट खाशी, साबुदाणा-शेंगदाणे-बटाटा एकदम, आणि संध्याकाळी करपट ढेकरा.

जुन्या स्वयंपाकात यावर तोड आहेच. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, ते पाणी ओतून टाकायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून सोलायचे, हे बिरडं सोलणं कंटाळवाणं असतं खरं पण भिजवण्याने आणि मोड आणण्याने त्या गॅस करणाऱ्या साखरा खरंच कमी होतात. फोडणीत हिंग-ओवा, आमरसात तूप आणि सुंठ किंवा मिरपूड हे अनुभवातून आलेलं. गुबारा धरलाच तर चिमूटभर ओवा-सैंधव चावून वर कोमट पाणी, जिरं घातलेलं पातळ ताक, शतपावली, आणि पुढचं जेवण हलकं, म्हणजे मऊ भात नाहीतर पेज. जेवून लगेच आडवं होऊ नये, जळजळ वाढते. खायचा सोडा रोज पाण्यात टाकून पिणारे असतात, त्यात सोडियम भरपूर, बीपीवाल्यांनी तर नकोच. कोणती जोडी आपल्याला बाधते हे कळायला एका वेळी एकच पदार्थ बंद करून बघावा, सगळंच सोडलं की काहीच कळत नाही.

वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं असं असेल तर ओवा चघळत न बसता डॉक्टर गाठायचा. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असेल तर ती गॅस समजून घरी थांबू नये, सरळ हॉस्पिटलला जावं.