धर्मग्रामशाळा, इंदूर

कॅथलिक धर्मग्रामाने (पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचा भाविक-समुदाय) चर्चच्या आवारात किंवा त्याला लागून चालवलेली शाळा. वसईकडचे मराठी कॅथलिक ‘धर्मग्राम’ म्हणतात, इंदुरात हिंदीच्या सहवासाने ‘पल्ली’ रुळला. शहरातील मराठी घरांत मात्र अशी प्रत्येक शाळा ‘मिशनची’ नाहीतर ‘कॉन्व्हेंट’. त्यातून गल्लत होते. १८७७ मध्ये आलेले कॅनेडियन मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट होते. ख्रिश्चन कॉलेज (१८८७) त्यांचे. कॅथलिकांचे ते लाल चर्च, असिसीकर संत फ्रान्सिसच्या नावाचे.

धर्मग्रामशाळेचे स्थापनावर्ष ठरवणे अवघड, कारण कागद एका दप्तरात नसतात. माळव्याचा हा भाग आधी आग्र्याच्या मिशनकडे होता. १८९२ मध्ये राजपुताना वेगळा झाला, १९१३ मध्ये अजमेर धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) झाला. तेथे फ्रेंच कापुचिन (संत फ्रान्सिसच्या परंपरेतल्या एका संघाचे) धर्मगुरू होते. १९३२ मध्ये ‘दिव्यशब्द संघा’चे (एस.व्ही.डी.) मिशनरी आले आणि १९३५ मध्ये इंदूरचा स्वतंत्र मिशनप्रदेश झाला. सरकारही बदलत गेले : होळकर संस्थान, रेसिडेन्सीचा इंग्रजी अंमल, १९४८ नंतर मध्यभारत, १९५६ नंतर मध्यप्रदेश. त्यामुळे मिशनच्या अहवालातले वर्ष आणि सरकारी मान्यतेचे वर्ष जुळेलच असे नाही. मान्यतेचे वर्ष धरणारे कायदेशीर बाजूने बरोबर असतात. तथापि चर्चच्या व्हरांड्यात धर्मशिक्षणासाठी बसलेली चार मुले हीच सुरुवात, असे मानण्याची परंपराही जुनी आहे. दोहोंपेक्षा दाखल-खारीज रजिस्टरचे पहिले पान अधिक विश्वसनीय वाटते. त्यात ‘मागील शाळा’ हा रकाना कोरा असेल, तर मूल प्रथमच पाटी घेऊन आले असण्याचा संभव असतो. भरलेला असेल, तर ते दुसऱ्या शाळेतून आलेले. पित्याच्या व्यवसायाच्या रकान्यावरून वस्ती कळते : पलटणीतला, रेल्वेतला, की बंगल्यावरचा खानसामा. हीच नावे स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) नोंदवहीशी ताडून पाहिली, म्हणजे शाळा केवळ धर्मग्रामापुरती होती की शेजारच्या हिंदू-मुसलमान मुलांनाही खुली होती, हे उलगडते. अशी पाने वाळवीपासून जपणे अगत्याचे आहे.

धर्मभगिनींचे संघ आल्यावर मुलींच्या शिक्षणाला जोर आला. १९५२ मध्ये इंदूर धर्मप्रांत झाला. फ्रान्सिस सायमन्स पहिले बिशप. या शाळांना संविधानाच्या अनुच्छेद ३० चे (अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क) संरक्षण आहे.