बेंझिनच्या जागी घन

अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन या घरोघरी असणाऱ्या तिन्ही औषधांच्या रेणूंत बेंझिनचे, म्हणजे सहा कार्बन अणूंचे, षट्कोनी कडे असते. ‘केमिकल-फ्री’ औषधाच्या जाहिराती वाचून या नावाला बिचकण्याचे कारण नाही, कारण काढ्यातही रसायनेच असतात. औषधरसायनतज्ज्ञांची तक्रार निराळी आहे. हे कडे सपाट असल्यामुळे असे रेणू स्फटिकात एकावर एक घट्ट रचले जाऊ शकतात आणि मग पाण्यात सहज विरघळत नाहीत. शिवाय यकृतातील सायटोक्रोम पी-४५० ही विकरे कड्याला ऑक्सिजन जोडतात आणि त्यातून कधीकधी पेशीतील प्रथिनांना चिकटणारी क्रियाशील संयुगे तयार होतात.

अनेक औषधांत या कड्याचे काम तुळईचे असते: अणूंचे दोन गट ठरावीक अंतरावर, एका रेषेत धरून ठेवायचे. तेवढेच काम असेल, तर तुळई सपाट कशाला हवी?

१९६४ मध्ये शिकागो विद्यापीठात फिलिप ईटन आणि थॉमस कोल यांनी क्युबेन तयार केले. त्यात घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ कार्बन आणि प्रत्येकाला एक हायड्रोजन असतो. कार्बनच्या बंधांना आवडणारा कोन १०९.५ अंशांचा, इथे मात्र ९०. तरीही एखादा बंध तुटल्याने ताण फारसा सैलावत नसल्यामुळे घन टिकतो. आता शाळेतले भूमितीचे सूत्र आठवावे. घनाची कड सुमारे १.५७ अँगस्ट्रॉम (अणूंमधील अंतरे मोजण्याचे एकक), तिला √३ ने गुणले की समोरासमोरच्या कोपऱ्यांतील अंतर २.७२ येते. बेंझिनमध्ये समोरासमोरच्या कार्बनमधील अंतर सुमारे २.७९! या साम्यामुळे औषधरचनेत बेंझिनच्या जागी क्युबेन वापरता येईल, असे ईटन यांनी १९९२ मध्ये सुचवले. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१६ मध्ये काही ज्ञात औषधांत आणि कीटकनाशकांत ही अदलाबदल करून पाहिली, तेव्हा परिणाम कुठे टिकला, कुठे वाढला, तर कुठे घटला.

अंतर तंतोतंत जुळलेच पाहिजे असेही नाही. पाच कार्बनच्या बायसायक्लोपेंटेन पिंजऱ्यात टोकांमधील अंतर जेमतेम १.८५ अँगस्ट्रॉम असते, पण दिशा सरळ राहते. अल्झायमरसाठी अभ्यासलेल्या अ‍ॅव्हागासेस्टॅट या संयुगातील कड्याच्या जागी फायझर या औषधकंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी २०१२ मध्ये तो बसवला, तेव्हा मूळ परिणाम राखून विद्राव्यता वाढली. मात्र औषध ज्यात बसते त्या प्रथिनाच्या खोबणीतील ट्रिप्टोफॅनसारख्या अमिनो आम्लाचे सपाट कडे औषधातील बेंझिनच्या इलेक्ट्रॉन-ढगालाच बिलगत असेल, तर तिथे पिंजरा चालत नाही. त्याच्याकडे तो ढगच नसतो.