थीम रिसॉर्ट हॉटेलांतील दडलेले वास्तुतपशील

एखादा काळ, प्रदेश किंवा रचलेली कथा हे सूत्र धरून उभारलेल्या रिसॉर्ट हॉटेलांत मुद्दाम योजलेले, पण पाहुण्याच्या सहज लक्षात न येणारे वास्तुघटक. त्यांचे दोन प्रकार पडतात. काही तपशील शोधून सापडावेत म्हणून दडवलेले असतात : नक्षीत लपवलेली आकृती, फरशीतले चिन्ह, भित्तिचित्रातली एखादी विसंगती. दुसरे कधीच कोणाच्या लक्षात येऊ नयेत म्हणून दडवलेले असतात : इमारतीची खरी उंची, लोखंडी सांगाडा, कुंपण, यंत्रसामग्री. लोकप्रियता पहिल्या प्रकाराच्या वाट्याला येते. वास्तुविशारदाचा कस मात्र दुसऱ्यात लागतो, कारण तिथे एकाच घटकाला बांधकामाचे आणि कथेचे अशी दोन्ही कामे करावी लागतात.

नजरेला फसवण्याची युक्ती रंगभूमीच्या नेपथ्यातून आली. वरचे मजले, खिडक्या आणि कठडे टप्प्याटप्प्याने लहान करत नेले की इमारत आहे त्याहून उंच भासते. उलट खिडक्यांच्या चौकटी नेहमीपेक्षा मोठ्या केल्या की भलीमोठी इमारत आटोपशीर वाटते. वेल्समधील पोर्टमेरियन हे या दृष्टीने आवर्जून पाहण्यासारखे ठिकाण आहे. वास्तुविशारद क्लफ विल्यम्स-एलिस यांनी 1925 पासून जवळजवळ अर्धशतक खपून समुद्रकाठच्या उतारावर हे हॉटेल-गाव वसवले. इथल्या काही खिडक्या नुसत्या रंगवलेल्या आहेत. ‘युनिकॉर्न’ हे घर समोरून सरदारी प्रासादासारखे दिसते, पण प्रत्यक्षात ते छोटेसे बैठे घर आहे. पाडल्या जाणाऱ्या जुन्या वास्तूंचे भाग विल्यम्स-एलिस यांनी इथे आणून बसवले, त्यामुळे खऱ्या जुन्या दगडाशेजारी रंगवलेला आभास नांदतो. एकाने दुसऱ्याला विश्वासार्हता द्यावी, हा डाव नंतरच्या थीम हॉटेलांना क्वचितच इतका साधला.

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर घरांच्या सपाट भिंतींवर खिडक्या, कोनाडे आणि नक्षीदार दगड रंगवण्याची जुनी परंपरा आहे. 2001 मध्ये सुरू झालेल्या टोकियो डिस्नीसी या मनोरंजन उद्यानातील मीराकोस्टा हॉटेलाने ती उचलली. इथे रंगवलेली खिडकी खर्च वाचवणारी पळवाट ठरत नाही, कारण मूळ गावांतही ती तशीच असते. आभास हाच इथे अस्सलपणा आहे. हे हॉटेल उद्यानाच्या आतच आहे. त्याची एक बाजू बंदराचा देखावा पुरा करते आणि उद्यानाला बाहेरच्या जगापासून आडोसाही देते.

कथा सांगणाऱ्या तपशिलांत फ्लोरिडातील डिस्नीज वाइल्डरनेस लॉज (1994) याचा क्रमांक वरचा लागतो. वास्तुविशारद पीटर डॉमिनिक यांनी त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतील जुन्या लाकडी विश्रामगृहांचा, विशेषतः यलोस्टोनमधील ओल्ड फेथफुल इनचा आधार घेतला. लॉबीतली 82 फूट उंचीची शेकोटी लांबून नुसती भव्य दिसते. जवळ गेल्यावर तिचे थर दिसू लागतात. तळाशी गडद, कठीण दिसणारे खडक आहेत; वर जावे तसे तांबूस, पिवळसर आणि फिकट पट्टे येतात. हा क्रम ग्रँड कॅन्यनच्या कड्यातील स्तरांचा आहे, म्हणून तळापासून माथ्यापर्यंत नजर फिरवली की भूशास्त्रीय कालक्रम वाचता येतो. मधल्या थरांत जीवाश्मही बसवलेले आहेत. याच लॉबीत एक झरा उगम पावताना दिसतो, छोट्या पुलाखालून दाराबाहेर पडतो, खडकांवरून पोहण्याच्या तलावाकडे उतरतो आणि पुढे कृत्रिम गीझर (जमिनीतून उसळणारे कारंजे) उसळतो. आत कुठे संपले आणि बाहेर कुठे सुरू झाले हे चालणाऱ्याला कळूच नये, यासाठी दाराच्या दोन्ही बाजूंचे दगड आणि पाण्याचा आवाज सलग ठेवले आहेत.

डॉमिनिक यांच्याच डिस्नीज ॲनिमल किंगडम लॉजमध्ये (2001) दडवणुकीचा संबंध थेट सुरक्षिततेशी येतो. आफ्रिकेतील क्राल म्हणजे गुरांभोवती वसलेली गोलाकार वस्ती. तिच्या धर्तीवर हॉटेलाचे बाहू वळवले असून खोल्यांच्या सज्जांतून समोरच्या गवताळ रानात जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. मध्ये गज किंवा जाळी दिसत नाही. प्राण्यांना अडवणारे कोरडे खंदक आणि भिंती जमिनीच्या उतारात व झाडोऱ्यात दडवल्या आहेत. ही युक्ती अठराव्या शतकातील इंग्लिश बागांमधली आहे : गुरे आत येऊ नयेत, पण वाड्यातून दिसणारे कुरण अखंड राहावे म्हणून तिथे भिंत खंदकात उतरवत. न दिसणारे कुंपण हा या हॉटेलाचा खरा पाया आहे. ते दिसले असते तर बाकी सारी सजावट असूनही जागा प्राणिसंग्रहालयासारखी वाटली असती.

सापडण्यासाठी दडवलेल्या खुणांमध्ये ‘हिडन मिकी’ सर्वांत प्रसिद्ध. एक मोठे आणि दोन लहान अशी तीन वर्तुळे जुळून मिकी माउसचे डोके बनते. फ्लोरिडातील डिस्नीचे उद्यान एपकॉट याच्या आखणीच्या काळात, म्हणजे 1970 च्या दशकाच्या अखेरीस व 1980 च्या सुरुवातीला, ही प्रथा पडली. एपकॉट प्रौढांसाठी गंभीर स्वरूपाचे ठेवायचे असल्याने तिथे कार्टून पात्रे नको होती, म्हणून रचनाकारांनी ती नक्षीत लपवली. पुढे गालिचे, दगडकाम, कठड्याच्या जाळ्या अशा सगळ्या जागी ही खूण पोचली. मात्र जिथेतिथे पेरलेली खूण कथेला काही देत नाही आणि शोधाची मजाही घालवते. त्या मानाने फ्लोरिडातीलच डिस्नीच्या 1971 च्या कंटेंपररी रिसॉर्टमधील चित्रकार मेरी ब्लेअर यांचे भित्तिचित्र संयमी आहे. मोनोरेल इमारतीच्या पोटातून जाते त्या प्रशस्त दालनात, 90 फूट उंच टाइल्सच्या चित्रात, मोनोरेलच्या बाजूला पाच पायांची एक बकरी आहे. एकच विसंगती, एकदाच.

श्रद्धेतून आलेले तपशीलही असतात. 2005 मध्ये सुरू झालेल्या हाँगकाँग डिस्नीलँडच्या आखणीत फेंगशुईच्या जाणकारांचा सल्ला घेतला गेला. प्रवेशद्वाराची दिशा 12 अंशांनी वळवली गेली. स्थानकाकडून दाराकडे येणाऱ्या वाटेला बाक दिला गेला. हॉटेलांच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याचे बटण ठेवले नाही, आणि तिथल्या एका मोठ्या सभागृहाचे क्षेत्रफळ 888 चौरस मीटर ठरवले गेले, कारण चार हा आकडा अशुभ, तर आठ समृद्धीचा मानतात.

दक्षिण आफ्रिकेतील सन सिटीच्या ‘पॅलेस ऑफ द लॉस्ट सिटी’ची (1992) तऱ्हा वेगळी. इथे आधी एका हरवलेल्या राज्याची दंतकथा रचली गेली आणि नकाशे तिच्यावरून निघाले. त्यामुळे नव्या काँक्रीटवर झीज आणि पडझड कोरावी लागली. अशा कामात लोखंडी जाळीवर सिमेंटचा थर देऊन तो ओला असतानाच भेगा काढतात आणि वाळल्यावर रंगाचे पातळ हात देऊन ओघळ, शेवाळ व गंज दाखवतात.

दडवणूक एका इमारतीपुरती थांबत नाही; शेजारच्या देखाव्यात काय डोकावते हेही पाहावे लागते. डिस्नीच्या हॉलिवूड स्टुडिओजमधील टॉवर ऑफ टेरर हे नावापुरते हॉटेल, प्रत्यक्षात राइड. त्याचा माथा एपकॉटमधील मोरोक्को देशाच्या दालनामागे दिसतो, म्हणून त्याचा रंग आणि घुमट त्या दालनाशी जुळवले. वास्तुविशारद मायकेल ग्रेव्ह्ज यांची स्वान आणि डॉल्फिन ही हॉटेले याच्या उलट एपकॉटच्या देखाव्यात उघडउघड घुसतात. स्वतंत्र वास्तू म्हणून ती ठसठशीत आहेत, पण शेजाऱ्याची कथा मोडतात.

लास वेगासमध्ये दडवणुकीपेक्षा दाखवणुकीला महत्त्व. पॅरिस लास वेगास हॉटेलाच्या 540 फुटी आयफेल टॉवर-प्रतिकृतीचे तीन पाय मात्र कसिनोच्या छतातून थेट आत उतरलेले आहेत, आणि जुगाराच्या टेबलांमधून फिरणाऱ्या कित्येकांना आपण मनोऱ्याच्या पायाशी आहोत याचा पत्ता नसतो. न्यूयॉर्क-न्यूयॉर्क हॉटेलासमोरच्या स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा शिल्पकार रॉबर्ट डेव्हिडसन यांनी मूळ पुतळ्यापेक्षा अधिक कोवळा घडवला. अमेरिकी टपाल खात्याने 2010 मध्ये चुकून याच प्रतिकृतीचे छायाचित्र तिकिटावर छापले. मुकुटाच्या मधल्या टोकावरील चौकोनी तुकड्यासारख्या बारीक फरकांवरून ही गफलत उघड झाली. डेव्हिडसन यांनी दावा लावला. चेहऱ्यातील बदल ही त्यांची स्वतंत्र निर्मिती असल्याचे न्यायालयाने मानले आणि 2018 मध्ये त्यांना सुमारे 35 लाख डॉलरची भरपाई मंजूर केली.