केबलची लांबीमर्यादा

तारांनी जोडलेल्या संगणक-जाळ्यात दोन उपकरणांमध्ये सलग किती लांब केबल टाकता येते, याविषयी मानकांनी घातलेली मर्यादा. इथरनेटच्या (तारांच्या जाळ्याच्या प्रचलित मानकाच्या) पीळदार तांब्याच्या केबलसाठी, म्हणजे पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असलेल्या केबलसाठी, ती १०० मीटर आहे. त्यांपैकी ९० मीटर भिंतीतून किंवा छताखालून कायम बसवलेल्या केबलसाठी आणि १० मीटर टोकांच्या पॅच कॉर्डसाठी (उपकरणाला जोडणाऱ्या सुट्या लवचिक केबलसाठी) धरलेले असतात.

एकशे एकाव्या मीटरला जाळे बंद पडते, असा याचा अर्थ नव्हे. तेवढ्या अंतरापर्यंत ठरलेला वेग मिळेल, एवढीच ही हमी आहे. तारेतून जाताना संकेत क्षीण होत जातो, वारंवारता वाढली की अधिकच, आणि शेजारच्या जोडीतील संकेतही त्यात मिसळतो. ही मिसळ टाळण्यासाठी चारही जोड्यांना वेगवेगळ्या मापाचा पीळ दिलेला असतो; म्हणून केबलच्या टोकाला जोडणीचा प्लग बसवताना हा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. उत्तम केबल अशा घाईच्या जोडणीनेच बहुधा वाया जाते. वेग वाढला की मर्यादा आखडते: सेकंदाला १० गिगाबिट वेगासाठी कॅट ६ केबल (‘कॅट’ म्हणजे केबलची प्रमाणित श्रेणी) अनुकूल स्थितीत सुमारे ५५ मीटर पुरते, पूर्ण १०० मीटरसाठी कॅट ६ए लागते.

जुन्या इथरनेटमध्ये जाड कोॲक्सिअल केबल (मध्ये एक तार व तिच्याभोवती जाळीचे कवच असलेली) ५०० मीटर, तर बारीक केबल १८५ मीटर चाले. तिथे सामायिक तारेवर दोन संगणकांचे संदेश एकमेकांवर आदळल्याचे वेळेत कळणेही आवश्यक असल्याने एकूण विस्ताराला आणखी एक बंधन होते. स्विच, म्हणजे प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार देऊन संदेश योग्य ठिकाणी पोहोचवणारे उपकरण, आल्यावर ते उरले नाही.

गोव्यात चिऱ्याच्या जाड भिंती वाय-फाय अडवतात, त्यामुळे जुन्या घरांत तार ओढावीच लागते. फोंडा तालुक्यातील मोठ्या देवस्थानांच्या आवारात कार्यालयापासून अग्रशाळेच्या (भाविकांच्या निवासाच्या इमारतीच्या) टोकापर्यंतचे अंतर डोळ्यांना थोडे वाटले, तरी भिंतींच्या कडेने वळणे घेत जाणारी केबल शंभरी सहज ओलांडू शकते. शिवाय ९० मीटरचा आकडा २० अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. ४० अंशांना, म्हणजे मे महिन्यात पत्र्याखाली सहज होणाऱ्या उष्णतेत, धातूचे संरक्षक कवच नसलेल्या केबलसाठी तो ८४ मीटरवर येतो. खाऱ्या, दमट हवेने प्लगांचे धातूचे संपर्क गंजतात. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलचा विद्युतरोध जास्त असल्याने ती मानकात बसतच नाही.

अंतर जास्त असल्यास मध्ये स्विच ठेवतात. दोन इमारतींमध्ये मात्र ऑप्टिकल फायबरच योग्य, कारण पावसाळ्याच्या तोंडावर कडाडणाऱ्या विजांचा दाब तांब्याच्या तारेतून उपकरणांपर्यंत पोहोचतो, काचेच्या तंतूतून पोहोचत नाही.