क्ष-किरणांपुढचं फ्रीक दांपत्य

मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५१ साली एक कायदा झाला. ज्याची मालमत्ता २०० पौंडांच्या वर नाही, त्याने सोन्या-चांदीची लेस किंवा बटणं वापरायची नाहीत. तिथले प्युरिटन, म्हणजे कडक धर्मनियम पाळणारे ख्रिस्ती, म्हटले की काळे कपडे आणि वैराग्य, असं आपल्याला वाटतं. पण या कायद्याचा राग चैनीवर नव्हता, पायरी सोडून वागणाऱ्यांवर होता. ऐपत असेल त्याने खुशाल मिरवावं.

जॉन फ्रीकची ऐपत होती. १६५८ मध्ये इंग्लंडहून बॉस्टनला आलेला हा व्यापारी आणि वकील. मरताना त्याच्या नावावर घरं, जमीन, गिरणी, बिअरची भट्टी आणि जहाजांमधले हिस्से होते. १६७१च्या सुमारास त्याने स्वतःचं आणि पत्नी एलिझाबेथचं तैलचित्र काढून घेतलं. दोन्ही चित्रं आज वुस्टर आर्ट म्युझियममध्ये आहेत. जॉनच्या चित्रात त्याची जमीन वीतभरही दिसत नाही. पार्श्वभूमी गडद, आणि श्रीमंती सगळी अंगावर: गळ्याशी नक्षीदार लेसची रुंद कॉलर, हातात हातमोजे, बोटात अंगठी.

अशी लेस रंगवायची तर त्या काळी खात्रीचा पांढरा रंग एकच, सफेदा. तो तयार करायची रीत मोठी घाणेरडी होती. मातीच्या भांड्यांत व्हिनेगर घालून त्यावर शिशाच्या पट्ट्या ठेवायच्या आणि ती भांडी घोड्याच्या लिदीत रचून ठेवायची. लीद कुजताना ऊब आणि कार्बन डायऑक्साइड सुटे, व्हिनेगरची वाफ शिसं खाई, आणि काही आठवड्यांनी पट्ट्यांवर पांढरी खपली धरे. ती खरवडून, दळून जवसाच्या तेलात घोटली की रंग तयार. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. शिसं या क्रियेला वेग देतं, म्हणून सफेद्याचा थर लवकर वाळतो आणि चिवट होतो. चित्रकारांचा तो लाडका, बनवणाऱ्या कामगारांना मात्र विषबाधा.

शिशाचा अणुक्रमांक ८२. इतके इलेक्ट्रॉन असलेला अणू क्ष-किरण सहज पुढे जाऊ देत नाही. काळ्या रंगातली काजळी म्हणजे कार्बन, अणुक्रमांक ६. तिच्यातून किरण जवळजवळ अडथळ्याविना निघून जातात. त्यामुळे क्ष-किरणांच्या फिल्मवर गडद कोट आणि पार्श्वभूमी विरून जाते. उरतात ते चेहरे, हात आणि लेस. हातात पडतं ते सगळ्या थरांचं एकावर एक आलेलं चित्र, छातीच्या एक्स-रेत बरगड्या आणि पाठीचा कणा एकत्र दिसतात तसं. त्यातून वरचं कुठलं आणि खालचं कुठलं हे सोडवणं हीच खरी कसरत.

एलिझाबेथच्या चित्रात ती कसरत फळली. आज तिच्या मांडीवर मेरी नावाची मुलगी उभी आहे. चित्रावर ‘वय ६ महिने’ अशी नोंदही आहे. पण क्ष-किरणांनी दाखवलं, की पहिल्या चित्रात बाळ नव्हतंच. एलिझाबेथ एकटी बसली होती, हात मांडीवर. १६७४ मध्ये मेरी जन्मली आणि चित्रकाराला परत बोलावणं गेलं. नवा कॅनव्हास न ताणता त्याने जुन्यावरच हातांची जागा बदलली, बाळ बसवलं. माझ्या मते दोन चित्रांमधली ही सरस. जॉन नुसता ऐट दाखवतो, इथे संसार दिसतो.

दुरुस्ती वेळेवर झाली असंच म्हणायचं. १६७५ मध्ये बॉस्टनच्या बंदरात एका जहाजावर स्फोट झाला, त्यात जॉन गेला. दोन वर्षांनी एलिझाबेथने एलिशा हचिन्सनशी लग्न केलं. चित्रकाराने सही केलेली नाही. हाताच्या शैलीवरून बॉस्टनच्या गिब्ज आणि मेसन कुटुंबांतल्या मुलांची १६७०ची चित्रंही त्याचीच मानतात, आणि गिऱ्हाइकाच्या नावावरून त्याला ‘फ्रीक चित्रकार’ म्हणतात.